हिलेगोंडच्या डोक्यावरचा क्रूस

स्वतःच्या डोक्यावरचा क्रूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली बाई आमच्या डेल्फ्टमध्ये एकच झाली, ती म्हणजे बिअरवाल्या डिर्कची हिलेगोंड. तो क्रूस काढला आमच्याच घरात, माडीवरच्या उजेडाच्या खोलीत, आणि काढला माझ्या चित्रकार नवऱ्याने. तांबड्या रंगाचा हिंगूळ घोटून दिला मी. तेव्हा ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. मासळीबाजारात ती वेगळीच सांगतात, त्यात माझा नवरा प्यालेला असतो. तो प्यालेला नव्हता. अक्कल गहाण ठेवली होती, ते वेगळं.

हिलेगोंड मूळची खाडीकाठच्या कोळ्यांतली. हात राठ, आवाज त्याहून राठ, आणि हसली की कालव्यापलीकडची कुत्री भुंकायला लागत. पोरवयात डिर्ककडे मोलकरीण म्हणून आली तेव्हा डिर्कची पहिली बायको यानेके नुकतीच गेली होती, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे टाकून. मग डिर्कने कात्राइनशी लग्न केलं. ही दुसरी बायको जेमतेम हिलेगोंडच्याच वयाची. घरात मालकीण कोण आणि मोलकरीण कोण हे परक्याला ओळखू येत नसे, कारण दोघी सारख्याच पिठाने माखलेल्या आणि एकाच ताटलीतून वाफल्स खात बसलेल्या. हिवाळ्यात कालवा गोठला की पायाला हाडाच्या पट्ट्या बांधून दोघी बर्फावर घसरत जायच्या आणि मागे डिर्क काठावरून ओरडत पळायचा. डिर्कची बहीण आलाइट म्हणायची, मोलकरणीला इतकं डोक्यावर बसवू नये. कात्राइन म्हणायची, डोक्यावर नाही, शेजारी बसवलंय.

कात्राइन बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. लोक सांगतात की मरताना कात्राइनने मुलगी हिलेगोंडच्या हाती सोपवली, वचन घेतलं, वगैरे. साफ खोटं आहे. ती बिचारी काही सांगायच्या आतच गेली, आणि मुलगी रडत होती म्हणून हिलेगोंडने उचलली. एकदा उचलली ती उचललीच. पोरीचं नाव लीस्बेट. काही वर्षांनी डिर्कने हिलेगोंडशीच लग्न केलं, त्याला दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. "कानामागून आली अन् तिखट झाली," असं आलाइट भर चर्चच्या दारात म्हणाली. हिलेगोंड म्हणाली, तिखट झाले म्हणून तर तुमच्या भावाला जेवण गोड लागतं.

हिलेगोंडला स्वतःचं मूल झालं नाही. ती ते बोलून दाखवत नसे. लीस्बेट तिच्याच मागे मागे वाढली, पण तिला आई म्हणाली नाही. आलाइटने तान्हेपणापासून बजावलं होतं की तुझी आई जुन्या चर्चच्या फरशीखाली आहे. पोर हिलेगोंडला 'हिले' म्हणायची. आणखी एक वाईट गोष्ट होती. लीस्बेटचा वाढदिवस आणि कात्राइनचा मृत्युदिन एकच. दर वर्षी त्या दिवशी आत्या तिला थडग्यापाशी नेऊन गुडघ्यांवर बसवायची आणि सांगायची, तुझ्यापायी गेली हो बिचारी. घरी आल्यावर हिलेगोंड तिला मध घातलेल्या पोळ्या करून घालायची, पण पोर कात्राइनचं नाव काढू द्यायची नाही. हिलेगोंडने काही गंमत सांगायला तोंड उघडलं की ही उठून अंगणात निघून जायची.

तर मग मोठी आग लागली. अर्धं गाव जळालं, चर्चमधली चित्रंही गेली. घरं उभी राहिल्यावर ज्याच्या त्याच्या मनात आलं की आपल्या माणसांचं चित्र पुन्हा चर्चच्या भिंतीवर लागायला हवं. डिर्कनेही आमच्या ह्यांना सांगितलं. मधे मारियामाता, डावीकडे गुडघे टेकलेला डिर्क आणि त्याच्यामागे मुलगे, उजवीकडे बायकांची रांग. जी बाई गेलेली, तिच्या डोक्यावर छोटा तांबडा क्रूस. जी जिवंत, तिच्या डोक्यावर तेवढी जागा मोकळी सोडायची, वेळ येईल तेव्हा भरायला. आणि प्रत्येक आईच्या मागे तिच्या पोटच्या मुली. येणाऱ्याजाणाऱ्याने क्रूस बघायचा आणि त्या जिवासाठी एक प्रार्थना म्हणायची, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. कवट्या, विझलेल्या मेणबत्त्या, गळालेल्या पाकळ्या हे चोचले पैसेवाल्यांच्या चित्रात असतात. आमच्याकडे क्रूस पुरतो.

रांग ठरली. यानेकेच्या मागे तिची लग्न झालेली मुलगी. कात्राइनच्या मागे लीस्बेट. हिलेगोंडच्या मागे कुणी नाही.

"माझ्या मागं मांजर काढा," हिलेगोंड म्हणाली आणि मोठ्याने हसली. डिर्कही हसला. मग जिना उतरताना ती थांबली आणि माझ्या नवऱ्याला तिने हळूच विचारलं, "मास्तर, ज्या बाईच्या मागं कुणी नसतं, तिच्यासाठी प्रार्थना कोण म्हणतं?"

"येणारेजाणारे म्हणतात की," हे म्हणाले.

"येणाऱ्याजाणाऱ्यांना आपापली मेलेली माणसं असतात, मास्तर."

  मी तिच्या हातात गरम बिअरचा पेला दिला आणि तिने तो उभ्या उभ्या संपवला.

कात्राइनचा चेहरा काढायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. यानेकेचं सोपं होतं, मुलगी आईच्याच तोंडावळ्यावर गेली होती. पण आम्ही तेव्हा डेल्फ्टला राहत नव्हतो, कात्राइनला आम्ही पाहिलेलंच नाही, वर सांगितलं ते हिलेगोंडच्या तोंडून ऐकलेलं. डिर्कला विचारलं तर म्हणे, गोरी होती, चांगली होती. अहो, गोरी आणि चांगली तर आमची शेळीपण आहे. शेवटी हिलेगोंड येऊन बसली आणि सांगू लागली. डावी भुवई जराशी वर. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना ओठ असा मुडपायची. मान कायम एका बाजूला, कुणाचं तरी चोरून ऐकत असल्यासारखी. सांगता सांगता ती उठून कात्राइनसारखी चालून दाखवायला लागली, हंसांना घाबरून स्टुलावर कशी चढायची ते दाखवायला लागली, आणि एवढी मोठी बाई आमच्या स्टुलावर चढून ओरडली तेव्हा खालून शेजारीण धावत आली. मी इतकी हसले की जवसाचं तेल सांडलं. लीस्बेट सोबत आली होती, पण ती जिन्यातच बसून राहिली. चित्रात कात्राइनचा चेहरा मात्र असा हुबेहूब उतरला की डिर्कने बघितला आणि टोपी काढली.

त्यानंतर पंधरवडा गेला नसेल, हिलेगोंड तापाने पडली. तो ताप गावात फिरतच होता, पण तिला चांगलाच लागला. माणसं ओळखेना, पाणी उतरेना. पाद्री येऊन कपाळाला अखेरचं तेल लावून गेले. डिर्क भट्टीच्या खोलीत जाऊन पिंपांच्या मधे रडत बसला, आणि घराची सूत्रं आलाइटने घेतली. मरण आलं की आलाइटला जोर चढतो, हे मी तोंडावर सांगेन. तिने मेणबत्त्या सांगितल्या, काळं कापड मापून घेतलं, आणि मग आमच्याकडे आली.

"मास्तर, क्रूस काढून टाका. आजची रात्र निघत नाही. रंग ओला आहे तोवर होऊन जाऊ द्या, नाहीतर पुन्हा चित्राची फळी भिंतीवरून उतरवा, शिड्या आणा, कशाला दुप्पट काम?"

मी म्हटलं, अहो, श्वास तरी जाऊ द्या तिचा. हे म्हणाले, आलाइटबाई घरच्या आहेत, त्यांना कळतं. मास्तरांना चित्रातलं सगळं कळतं आणि चित्राबाहेरचं काही कळत नाही, हा माझा संसार. मी हिंगूळ घोटला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी घोटत होते. यांनी मन लावून क्रूस काढला, आणि मला वाटतं वाईट वाटत होतं म्हणूनच तो जरा मोठा झाला.

दुपारी लीस्बेट आली. लाकडी बूट हातात, पायात नुसते मोजे, धावत आलेली. तिने क्रूस बघितला आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग यांना म्हणाली, "मला हिलेच्या मागं काढा."

हे म्हणाले, असं चालत नाही बाळ, तू कात्राइनची मुलगी, तुझी जागा तिच्या मागे.

"मी तिला ओळखत नाही. मी तिला मारलं एवढंच मला माहीत आहे. रोज तिच्या पाठीशी बसून मी काय तोंड दाखवू? आणि हिलेच्या मागं कुणी नको का?"

माझ्या नवऱ्याने तेलकट बाहीने डोळे पुसले, त्यामुळे भुवईला हिरवा रंग लागला, आणि मग त्याने ब्रश घेतला. कात्राइनच्या मागची मुलगी त्याने वर गवत रंगवून झाकली आणि हिलेगोंडच्या मागे नवी आखली. मी त्याला त्या दिवशी एकही वाकडा शब्द बोलले नाही. लग्नानंतर इतका चांगला मला तो पहिल्यांदाच वाटला.

आणि हिलेगोंड मेली नाही. पहाटे घाम फुटून ताप उतरला. डोळे उघडून तिने पहिलं वाक्य काय बोलावं, तर खाली काहीतरी करपतंय. मग बिअरमध्ये पाव आणि अंडं घालून केलेली पेज मागितली. खुर्चीवर काळं कापड घडी करून ठेवलेलं होतं, ते तिने चाचपून बघितलं आणि आलाइटला म्हणाली, कापड छान आहे, ठेवून द्या, तुम्हाला होईल. डिर्क खोलीत आला तो रडतच आला, आणि हिला उठून बसलेली बघून आणखी रडायला लागला.

चालायला लागल्यावर ती बाजारात गेली. आलाइटकडून कळलेली क्रूसाची बातमी मेणबत्तीवालीने गावभर केली होती. म्हाताऱ्या तिला बघून छातीवर क्रूसाची खूण करायला लागल्या. मासेवाली कालचा हेरिंग पुढे करत होती, तर हिलेगोंड म्हणाली, अगं, मेलेल्या बाईला तरी ताजा दे. तिला या सगळ्याची इतकी मजा वाटली की घरी न जाता ती तशीच टोपली घेऊन आमच्याकडे आली.

माझा नवरा चित्रापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. एवढी मोठी फळी, हा एवढासा माणूस.

"सरका मास्तर. मेलेल्याला कोण अडवतं?"

तो सरकला. तिने क्रूस बघितला आणि कंबरेवर हात ठेवून हसत सुटली. म्हणाली, यानेकेला एवढासा, कात्राइनला एवढासा, आणि मला बघा, बिअरच्या पिंपाला झाकण होईल. हसता हसता तिची नजर खाली आली, आणि आपल्या चित्रातल्या पाठीमागे तिला लीस्बेट दिसली. हसू थांबलं. ती माझ्या रंग घोटायच्या स्टुलावर बसली आणि टोपली मांडीवर घट्ट धरली.

"ही इथं कशी आली?"

मी सगळं सांगितलं. पोर काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. हिलेगोंड रडायला लागली, आवाज न करता, आणि मासे मांडीवर तसेच. म्हणाली, मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नाही गं. मग तिची नजर कात्राइनवर गेली.

"मास्तर, तिच्या मागं आता काय आहे?"

"गवत."

"गवत," ती म्हणाली. टोपली उचलून ती गेली, आणि जाताना दार उघडंच टाकून गेली. ती दार कधी उघडं टाकत नसे.

दुसऱ्या दिवशी सगळं घर आमच्या माडीवर. आलाइट म्हणाली, मेलेल्या आईच्या मागची मुलगी उचलून जिवंत बाईच्या मागे लावायची हा कुठला न्याय, पोरीला परत जागेवर बसवा. आणि हिलेगोंड म्हणाली, आलाइटबाईंचं बरोबर आहे. या दोघींचं आजवर कशावरही एकमत झालेलं नव्हतं. दोघी दचकून एकमेकींकडे बघायला लागल्या.

लीस्बेट म्हणाली, "मग मला काढूच नका. चित्रात नकोच मी."

हिलेगोंडने समजावलं, तिच्या मागं तू एकटीच आहेस गं. पोरीने मान हलवली. आत्याने डोळे वटारले. पोर बघेना. डिर्कला विचारलं तर तो आपल्या टोपीत बघत म्हणाला, तुम्ही बायका काय ते ठरवा. माझा नवरा कोपऱ्यात ब्रश पुसत बसला, स्वच्छ ब्रश. हिलेगोंडचा चेहरा मला दिसत होता. तिच्या मागे पोर हवीच होती तिला, जिवापाड हवी होती, आणि कात्राइनच्या मागे गवत तिला बघवत नव्हतं. एकीला द्यायचं तर दुसरीचं काढून घ्यायचं, आणि ती दुसरी आता भांडायलाही येऊ शकत नव्हती.

ती उठून चित्राजवळ गेली. म्हणाली, "मास्तर, हिला हलवू नका. मला हलवा."

कुणाला काही कळेना.

"लीस्बेटने तिला पाहिलेलं नाही. तिच्या मागं बसून ती काय आठवणार? कात्राइन आठवते ती मला. मला कात्राइनच्या मागं बसवा, आणि पोरीला माझ्या मागं."

आलाइट उठून उभी राहिली. मग म्हणाली, "अहो वहिनी, बायकांची रांग सोडून मागं बसणार? लोक मोलकरीण म्हणतील." इतक्या वर्षांत ती हिलेगोंडला पहिल्यांदाच वहिनी म्हणाली, आणि आपण काय म्हणालो ते तिला नंतर कळलं.

"होतेच की मोलकरीण. तिचीच होते," हिलेगोंड म्हणाली.

माझ्या नवऱ्याला वेगळीच काळजी. कात्राइनचा चेहरा ऐन तारुण्यातला, हिलेगोंडच्या कानशिलाला पांढरे केस. लोक म्हणतील आईपेक्षा मुलगी मोठी, मास्तरला वयं काढता येत नाहीत.

"म्हणू द्या. ती तिथंच थांबली, मला पुढं यावं लागलं."

डिर्कने टोपी बाजूला ठेवली आणि हिलेगोंडचा हात धरला. सगळ्यांसमोर, भर उजेडात. आलाइट खिडकीतून बाहेर बघायला लागली आणि उगाच म्हणाली की वारा फिरलाय.

काम पुन्हा सुरू झालं. क्रूस खरवडला, हिलेगोंडला पहिल्या जागेवरून पुसलं, मारियामातेचा झगा थोडा रुंद केला म्हणजे मोकळी जागा दिसू नये. मग हिलेगोंड आणि लीस्बेट दोघींना बसायला बोलावलं. एकीच्या मागे एक, गुडघ्यांखाली माझ्या उशा, तोंडं चित्रातल्या कात्राइनकडे. हे म्हणाले, आता हलायचं नाही, उजेड चांगला आहे तोवर दोन्ही चेहरे होऊन जातील. मी कोपऱ्यात निळा घोटत होते. खोलीत नुसता दगडावर दगडाचा आवाज.

बऱ्याच वेळाने लीस्बेटने पुढे वाकून हिलेगोंडच्या खांद्याला बोट लावलं.

"हिले, ती कशी होती गं?"

हिलेगोंड हलली. नुसती हलली नाही, अख्खी वळली, गुडघ्यांवरच, चित्राकडे पाठ करून. मास्तर ओरडले, मान सरळ, मान सरळ. कुणी ऐकलं नाही. हिलेगोंडने पोरीचे दोन्ही हात धरले आणि सांगायला लागली, आणि लीस्बेट उठून गेली नाही. माझ्या नवऱ्याने थोडा वेळ वाट बघितली, मग ब्रश तेलात ठेवला आणि तोही ऐकत बसला. त्या दिवशी चित्राचं काहीच काम झालं नाही.